जेबेझच्या छपराखालचं रेशीम

जेबेझ पेनीफोल्डसारखा काचा बसवणारा अख्ख्या लंडनात दुसरा नाही, असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे मुख्यतः जेबेझ स्वतः. पण त्या म्हणण्याला आधार होता. चोपन्न वर्षांचा हा गडी तीस वर्षं खिडक्यांना काचा लावत आलेला, आणि त्याच्या खिडकीतून पावसाचा थेंब सोडाच, वारासुद्धा घरात शिरत नसे. जवसाच्या तेलात मळलेली लांबी काचेच्या कडेनं भरायची आणि वरून अंगठा असा सफाईनं ओढायचा, की कड साच्यातून निघाल्यासारखी दिसे. कुठे फट दिसली की त्याचा जीव कासावीस होई. एकदा चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना शेजारच्या खिडकीला फट दिसली, तर हा माणूस खिशातला लांबीचा गोळा काढून तिथेच कामाला लागला होता.

अशा माणसाला हाइड पार्कातल्या काचेच्या महालाचं काम मिळालं, तेव्हा पहिल्या दिवशी तो टोपी हातात घेऊन नुसता बघतच राहिला. जगभरच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं, तेही एकाच छपराखाली, आणि छप्पर काचेचं! शहाण्या लोकांनी या कल्पनेला केव्हाच वेड्यात काढलं होतं. पहिल्या वादळात सगळं कोसळेल, गारांनी चाळण होईल, उद्घाटनाच्या तोफा सुटल्या की तीन लाख काचा बायाबापड्यांच्या डोक्यावर पडतील, असं जो तो सांगत सुटला होता. आणि इकडे आठ महिन्यांच्या आत महाल उभा राहिला. बागेतले जुने एल्म तोडू नका म्हणून लोकांनी आरडाओरडा केला, तर बांधणाऱ्यांनी झाडं तशीच राहू दिली आणि त्यांच्या शेंड्यांवरून छप्पर नेलं. ज्यांनी ही हिंमत केली त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं, आणि या कौतुकात जेबेझनं कधी हात आखडता घेतला नाही. घरी आला की बहिणीपुढे त्याचा हाच पाढा सुरू व्हायचा.

हेस्टर ही त्याची धाकटी बहीण. बायको गेल्यापासून जेबेझ तिच्याकडेच राहायला होता. तिचा नवरा इलायस दुथोआ स्पिटलफील्ड्सच्या विणकरवस्तीतला, पणज्यापासून रेशीम विणणाऱ्या घरातला. मेहुण्याच्या कामाबद्दल जेबेझचं मत फारसं बरं नव्हतं. दिवसभर बसून पाय हलवायचे आणि खिडकीत टांगलेल्या पिंजऱ्यातल्या पाखरांशी बोलायचं, याला तो काम मानायला तयार नव्हता. ‘‘छपरावर चढ एकदा, मग कळेल काम म्हणजे काय,’’ असं तो जेवताना हमखास ऐकवायचा. इलायस हसून पावाचा तुकडा तोडायचा. तो फार बोलणाऱ्यातला नव्हता.

पण गेलं वर्षभर इलायसचं हसू आटत चाललं होतं. फ्रान्सचं स्वस्त रेशीम बाजारात आल्यापासून त्यांच्या गल्लीतले माग एकेक करून बंद पडत होते. सोळा मागांपैकी पाच उरले होते. त्या पाच घरांनी मिळून ठरवलं, की प्रदर्शनात आपलं एक तरी कापड मांडायचं, असं की बघणाऱ्यानं पुढे पाऊल टाकताच कामा नये. विणायचं काम एकमतानं इलायसकडे आलं. अकरा महिने तो त्या एका कापडावर बसला. धाग्याच्या कांड्या हेस्टर भरायची. गर्द हिरव्या जमिनीवर काटेरी झुडपं आणि झुडपांत लाल तोंडाची पाखरं, असं ते वेलबुट्टीचं रेशीम तयार झालं.

ते कुठे मांडायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा व्यवस्थापकांनी दोन जागा दाखवल्या. एक होती कोपऱ्यात, पण वरच्या सज्जाखाली सुरक्षित. दुसरी मधल्या रुंद रस्त्यालगत, थेट काचेच्या छपराखाली. राणीची मिरवणूक तिथूनच जायची होती. इलायस घाबरला. रेशमावर पाण्याचा एक थेंब पडला तरी डाग राहतो, आणि त्या छपरातून इथे-तिथे ठिबकतं हे सगळ्यांना माहीत होतं.

‘‘छप्पर कुणाचं आहे विचार की,’’ जेबेझ छाती पुढे काढून म्हणाला. ‘‘त्या जागेवरची एकूण एक काच मी बसवलीय. छपराच्या शेजारच्या पट्टीखाली मांडशील तर भिजशील, तिच्या काचा त्या आयरिश मलाकीनं बसवल्यात. माझ्या छपराखाली नोहाच्या पुरातसुद्धा तुझं रेशीम कोरडं राहील.’’

‘‘शब्द देतोस?’’

‘‘दिला.’’

म्हणून ते रेशीम जेबेझच्या छपराखाली आलं.

एक मेच्या सकाळी पावसाची एक सर येऊन गेली. जेबेझ धुतलेला सदरा घालून पहिल्या सज्जात उभा होता. छपरावर आणि सज्जांत मिळून वीस काचवाले त्या दिवशी पहाऱ्याला ठेवले होते. कुठे गळालं तर लगेच धाव घ्यायची, एवढंच काम. सर चालू असताना त्यानं मान वर करून आपली पट्टी डोळ्यांत तेल घालून तपासली. थेंब नाही. पलीकडे मलाकीच्या पट्टीतून मात्र दोन ठिकाणी टिपटिप झाली, आणि एका जाडजूड उमरावाच्या नवीन टोपीवर ती बरोबर पडली. जेबेझला फार बरं वाटलं.

नऊला दारं उघडली आणि माणसं आत येऊ लागली. काय ती माणसं! घेरदार झगे, लष्करी लाल कोट, फेटे, तुर्की टोप्या. फळ्यांच्या जमिनीत धूळ खाली जावी म्हणून मुद्दाम फटी ठेवल्या होत्या आणि बायकांचे झगे फुकटात झाडलोट करत चालले होते. मधोमध अख्खं काचेचं कारंजं उडत होतं. त्याच्यापलीकडे एल्मची कोवळी पालवी छपराला टेकायला आलेली. कुठे वाफेची यंत्रं, कुठे हस्तिदंताचं सिंहासन, कुठे चाकूला ऐंशी पाती. खरं सांगायचं तर माणसानं दोन हातांनी एवढं सगळं केलंय हे बघूनच छाती भरून येत होती. आपणही त्या हातांतले आहोत, हे जेबेझला शंभरदा आठवत होतं.

खाली इलायस आपल्या मांडणीशेजारी काळा कोट घालून उभा होता. पायऱ्यापायऱ्यांच्या लाकडी मांडवावरून रेशीम उलगडत खाली सोडलं होतं. त्याच्या चुण्या पाडून टाचण्या लावायला दोन दिवस लागले होते. पण वरून बघताना जेबेझला एक गोष्ट खटकली. ऊन अडवायला छपरावर बाहेरून मांजरपाट ताणलेला होता, त्यामुळे त्या भागात उजेड बेताचाच होता, आणि गर्द हिरवं रेशीम त्यात काळपट दिसत होतं. लोक येत, एक नजर टाकत आणि पुढे पिंजऱ्यात ठेवलेल्या मोठ्या हिऱ्याकडे पळत. दोन तासांत कुणी थांबून प्रश्न विचारला नव्हता. इलायस तरीही प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता.

अकराच्या सुमाराला पंचवीस हजार माणसं आत होती. बाहेर पाऊस केव्हाच थांबला होता, ढग पांगत होते. तेवढ्यात जेबेझनं खाली पाहिलं, तर इलायस त्याच्याकडेच बघत होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. जेबेझ जिना उतरून धावला.

‘‘काय झालं?’’

इलायसनं नुसतं बोट दाखवलं. रेशमाच्या काठापासून वीतभर अंतरावर फळीवर पाण्याचा एक ठिपका होता. ते बघत असतानाच शेजारी दुसरा पडला.

‘‘पाऊस थांबलाय ना रे?’’ इलायस म्हणाला.

‘‘थांबलाय. हे मलाकीच्या पट्टीतलं पाणी वाहत आलं असणार. त्या लेकाच्याला मी आता—’’

‘‘जेबेझ, तिसरा अर्ध्या वितीवर पडलाय. झाकू का?’’

‘‘झाकलेलं रेशीम कोण बघणार? राणी यायला पाऊण तास राहिला.’’

‘‘मग काय करू? टाचण्या काढेपर्यंत मिरवणूक होऊन जाईल. आणि डाग पडला तर दाखवायला तरी काय उरेल?’’ इलायस म्हणाला. ‘‘पाच घरांचं आहे रे ते. माझं एकट्याचं असतं तर गेलं मसणात म्हटलं असतं.’’

जेबेझ सेवकांच्या लोखंडी शिडीकडे पळाला आणि या वयात जेवढ्या वेगानं चढता येईल त्याच्या दुप्पट वेगानं छपरावर गेला.

छपरावर मलाकी डन्फी पन्हळीच्या काठावर बसून पाव-चीज खात होता. हा आयरिश गडी तिशीचा, शीळ घालत काम करणारा, हाताचा भलता चपळ. लांबी मात्र औषधासारखी वापरायचा. त्याच्यात आणि जेबेझमध्ये आठ महिने रोज खडाजंगी होत आली होती.

‘‘चिंगूस माणसा!’’ जेबेझ धापा टाकत ओरडला. ‘‘तुझ्या पट्टीचं पाणी माझ्या मेहुण्याच्या रेशमावर पडतंय!’’

‘‘माझं पाणी?’’ मलाकीनं पन्हळीकडे हात केला. ‘‘म्हातारबा, पन्हळ बघ. कोरडी ठणठणीत. वरून पाणीच नाही तर गळेल कुठून?’’

खरंच, पन्हळ कोरडी होती. जेबेझला काही कळेना. मांजरपाट दक्षिणेच्या बाजूला दोरीनं आवळून बांधलेला होता. आपल्या काचांपर्यंत पोचायला त्यानं ती दोरी सोडली, कापडाची लांबच्या लांब पट्टी मागे गुंडाळली आणि काचांमधल्या पन्हळीतून सरपटत आपल्या जागेवर पोचला. सुरीनं कड मोकळी करून त्यानं एक काच उचलली. आतून गरम, दमट वाफेचा लोट त्याच्या तोंडावर आला. काचेची खालची बाजू अंघोळ केल्यासारखी ओली होती.

पाऊस नव्हता तो. पंचवीस हजार माणसांचा श्वास होता. गार काचेला लागून त्याचं पाणी झालं होतं.

‘‘मग ते जातं कुठे?’’ जेबेझ पुटपुटला.

मलाकीही मागोमाग सरपटत आला होता. त्यानं आपल्या पट्टीतली एक काच थोडी उचलून दाखवली. पन्हळीच्या लाकडाला आतल्या अंगानं बोटभर रुंदीची खोबण होती. काचेवरून ओघळलेलं पाणी त्या खोबणीत पडत होतं आणि झुळझुळ वाहून आतून पोकळ असलेल्या खांबाकडे जात होतं.

‘‘त्यासाठीच तर ही खोबण ठेवलीय. मुकादमानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आतली खोबण मोकळी ठेवा म्हणून. तू काय म्हणालास आठवतं?’’

जेबेझला आठवलं. ‘तीस वर्षं फटी बुजवतोय, मला भोकं ठेवायला शिकवू नका,’ असं तो म्हणाला होता. नंतर मुकादम बोलला ते त्यानं ऐकलंही नव्हतं. त्यानं वाकून आपल्या खोबणीत पाहिलं. ती काठोकाठ लांबीनं भरलेली होती. किती सुंदर भरलेली! एकसारखी, गुळगुळीत, तिच्यावर त्याच्याच अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या. वाट न मिळालेलं पाणी तिच्यावर साचून, काठावरून फुगून, नेमकं रेशमावर सुटायला टेकलं होतं.

दुसऱ्या कुणाचा दोष असता तर त्यानं त्याला फाडून खाल्लं असतं. इथे खायला तो एकटाच होता.

‘‘खरवडून टाकू,’’ तो सुरी काढत म्हणाला.

मलाकीनं त्याचं मनगट धरलं. ‘‘वाळलेल्या लांबीचा चुरा खाली पडेल. तेलकट चुरा, रेशमावर. पाण्यापेक्षा वाईट.’’

पहिल्यांदाच मलाकीचं म्हणणं जेबेझनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. दुसरा उपाय एकच होता. त्यानं गळ्यातला रुमाल काढून खोबणीवर अंथरला, काचेच्या भोकातून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि रुमालाखाली ओंजळीसारखा तळवा धरला. रुमाल पाणी प्यायला लागला. भरला की मलाकी तो ओढून घ्यायचा, बाहेर पन्हळीत पिळायचा आणि दुसरं फडकं द्यायचा. रुमाल पुरेना. मग मलाकीनं आपला सदरा काढला, पाठोपाठ जेबेझचाही काढवला. जगातल्या सगळ्यात मोठ्या समारंभाच्या दिवशी, त्याच समारंभाच्या डोक्यावर, हे दोन गडी उघड्या अंगानं पालथे पडून सदरे पिळत होते.

‘‘राणीनं वर बघितलं तर?’’ मलाकी म्हणाला.

‘‘तुझी पाठ बघून आल्यापावली परत जाईल. फडकं दे.’’

बरोबर बाराला कर्णे वाजले. पाठोपाठ तोफा सुटल्या. दर धडाक्याला काचा शहारल्या, पण तीन लाखांतली एकही तडकली नाही. जेबेझच्या पोटाखालची चौकट थरथरत होती आणि त्याला वाटलं, शहाण्या लोकांना बोलवावं आणि इथे पालथं घालावं. मग गाणं उठलं. शेकडो गळे आणि एक प्रचंड ऑर्गन, तो आवाज त्या भोकातून असा वर आला की त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. मान थोडी डावीकडे वळवली असती तर व्यासपीठ, सिंहासन, राणी, राजपुत्र, सगळं दिसलं असतं. आयुष्यात एकदाच बघायला मिळावी अशी गोष्ट हाकेच्या अंतरावर चालली होती.

त्यानं मान वळवली नाही. थेंब कुठे फुगतोय हे डोळ्यांनी धरून ठेवल्याशिवाय तळवा तिथे जात नव्हता. आणि थेंबाच्या खाली, सरळ रेषेत, फक्त इलायसचं रेशीम होतं.

तासभर तो ते रेशीमच बघत राहिला. घरात अकरा महिने ते मागावर होतं, पण जाता-येता त्यानं कधी थांबून पाहिलं नव्हतं. आता बघायला दुसरं काहीच नव्हतं. काटेरी झुडपातलं एक पाखरू फुलाचा कापूस ओढत होतं. दुसऱ्यानं पंख अर्धे उघडले होते, त्याच्या वजनानं देठ वाकला होता. रेशमाच्या देठाला वजन कसं काय दिलं यानं? जेबेझ हाताच्या कामाला जाणणारा माणूस होता. आपण एका बरोबरीच्या, कदाचित वरचढ कारागिराच्या घरी बसून त्याला रोज टोमणे मारत जेवत आलो, हे त्याला तिथे, उघड्या अंगानं, छपरावर कळलं. त्याला स्वतःची शरम वाटली.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला हे सगळं इतकं स्पष्ट दिसतंय. सकाळी सज्जातून हेच कापड काळपट दिसत होतं. ढग पांगून ऊन पडलं होतं, आणि दक्षिणेकडच्या ज्या काचांवरचा मांजरपाट त्यानं गुंडाळला होता, त्यांतून उजेडाची एक लांब तिरपी पट्टी आत गेली होती. ती बरोबर रेशमावर पडली होती. आजूबाजूला सगळीकडे सौम्य सावली आणि मधे तेवढं एकच कापड हिरवं, जिवंत, पाखरांसकट पेटून उठलेलं.

खाली मिरवणूक आली. वरून काय दिसणार? टोप्या, पिसं, टकलं. रंगांचा तो लोंढा हळूहळू पुढे सरकत होता. रेशमापाशी आला आणि थांबला. जेबेझनं श्वास रोखला. थेंब फुगत होता, तळवा त्याच्याखाली होता, मनगटावरून गार पाणी काखेपर्यंत आलं होतं. हातमोजा घातलेला एक लहानसा हात गर्दीतून पुढे आला आणि त्यानं रेशमाचा काठ दोन बोटांत धरून पाहिला. मग लोंढा पुन्हा हलला.

संध्याकाळी पाचला तिघं बागेत तळ्याकाठी बसले होते. हेस्टर सकाळपासून बाहेरच्या पाच लाखांच्या गर्दीत उभी होती, तिला आत जायचं तिकीट कुठलं! तिनं पाव, चीज आणि आल्याच्या पेयाची बाटली पुढे ठेवली आणि दोघांना फैलावर घेतलं.

‘‘सांगा आता. राणीनं काय घातलं होतं?’’

इलायसनं जेबेझकडे बघितलं. जेबेझनं पावाकडे बघितलं.

‘‘मी वर बघत होतो,’’ इलायस म्हणाला. ‘‘छपरातून एक हात बाहेर आला होता. सगळे वाकले तेव्हासुद्धा मी वरच बघत होतो. एकानं मला कोपर मारलं.’’

‘‘आणि दादा, तू? तू तर थेट डोक्यावर होतास!’’

‘‘मला टोप्या दिसल्या.’’

‘‘धन्य आहात! सबंध जग राणीला बघून गेलं आणि माझ्या घरातल्या दोन बाप्यांना एक टोपी धड सांगता येत नाही.’’ पण ती रागावली नव्हती. तिला खरी बातमी आधीच कळली होती. रेशमावर डाग नव्हता. मिरवणूक गेल्यापासून तिथे माणसांची रीघ लागली होती आणि तीन व्यापारी गल्लीतल्या त्या पाच मागांची चौकशी करून गेले होते.

‘‘तो उजेड,’’ इलायस सावकाश म्हणाला. ‘‘एवढ्या मोठ्या महालात माझ्याच कापडावर. मला वाटतं देवालाच दया आली.’’

इथे गप्प बसणं फार सोपं होतं. जेबेझनं बाटलीचा एक घोट घेतला आणि ती खाली ठेवली.

‘‘देवाला मधे आणू नकोस. माझी चूक होती ती. पाणी मलाकीचं नव्हतं, माझं होतं. मोकळी ठेवायची खोबण मी बुजवून टाकली, शहाणपणा करून. तुझं अकरा महिन्यांचं काम मी घालवलं असतं. ते सावरायला छपरावरचा मांजरपाट सोडला, म्हणून उजेड पडला. आज दारं बंद झाली की तुझ्या मांडणीवर ताडपत्री घालून मी आणि मलाकी ती खोबण खरवडणार आहोत.’’ तो थांबला. ‘‘आणि तुझं काम, इलायस. मी आज पहिल्यांदा पाहिलं. मला माफ कर.’’

हेस्टरनं भावाकडे असं बघितलं जसं तिनं त्याला लहानपणापासून कधी बघितलं नसेल.

‘‘आणखी एक,’’ जेबेझ घाईघाईनं म्हणाला. ‘‘मुकादमानं विचारलंय. व्यवस्थापकांना तो उजेड आवडला. मांजरपाट तसाच गुंडाळून ठेवायला त्यांची हरकत नाही. पण माल तुझा, म्हणून तुझा होकार पाहिजे. मी सांगितलं त्यांना, तो नाहीच म्हणेल. प्रदर्शन ऑक्टोबरपर्यंत आहे. साडेपाच महिने रोजचं ऊन खाल्लं तर तो हिरवा टिकायचा नाही. पाखरांची तोंडंसुद्धा फिकी पडतील. रेशमाला उन्हाचं वावडं असतं हे मला कुणी सांगायला नको, तूच खिडकीला पडदा लावून विणत होतास.’’

‘‘हो,’’ इलायस म्हणाला.

‘‘म्हणून उद्या सकाळी मी तो मांजरपाट परत बांधून टाकतो.’’

इलायसनं बोटांवर बोटं घासली. अकरा महिन्यांत पडलेले घट्टे त्याच्या बोटांवर होते. तळ्यापलीकडे महालाच्या काचांवर संध्याकाळचं ऊन होतं, आणि त्यातून लोक अजून बाहेर पडत होते, एकमेकांना हातवारे करून काही सांगत होते.

‘‘सकाळी दोन तास मी उभा होतो तिथे,’’ तो म्हणाला. ‘‘रंग अगदी ताजा होता. एकानंही बघितलं नाही.’’

‘‘अहो, पण उडेल ना तो,’’ हेस्टर म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रत्येक कांडी तिनं भरली होती.

‘‘उडू दे. मला विणता येतं,’’ इलायस म्हणाला. ‘‘जेबेझ, बांधू नकोस.’’